स्पिरिटेड अवे: स्टोरीची बांधणी आणि पात्रं, सारखे विचारले जाणारे प्रश्न

पिक्चर अजून बघितला नाहीये, हे वाचलं तर चालेल का?

नको. आधी बघून या, हायाओ मियाझाकींचा जपानी ॲनिमेशन पिक्चर आहे, दोन तास पाच मिनिटांचा. खाली शेवटासकट सगळं फोडलंय आणि हा पिक्चर पहिल्यांदा काहीच माहीत नसताना बघण्यात जी मजा आहे ती परत मिळत नाही, मी सांगतोय म्हणून ऐका.

बघितला होता पण लय वर्षं झाली, स्टोरी एकदा पटकन सांगाल का?

सांगतो. दहा वर्षांची चिहिरो आईबाबांबरोबर नवीन गावी राहायला चाललीय, गाडीत मागच्या सीटवर आडवी पडलीय, हातात मैत्रिणींनी निरोपाला दिलेला गुच्छ, तोंड वाकडं. बाबा शॉर्टकट मारायला जातात, एक बोगदा लागतो, पलीकडे ओसाड बाजारपेठ, तिथे एका दुकानात गरमागरम जेवण मांडलेलं आणि माणूस एकही नाही. आईबाबा बसतात चापायला, बाबा म्हणतात काळजी करू नकोस, कार्ड पण आहे नि कॅश पण आहे. दोघांची डुकरं होतात. अंधार पडल्यावर कळतं की हे देवांचं गाव आहे आणि समोरचं मोठं घर म्हणजे दमलेभागलेले देव जिथे अंघोळीला येतात ते स्नानगृह. त्याची मालकीण युबाबा नावाची चेटकीण. चिहिरो तिथे कामाला लागते, नाव गमावते, एका घाणेरड्या पाहुण्याला अंघोळ घालते (तो निघतो नदीचा देव), काओनाशी म्हणजे तो मुखवटेवाला नो-फेस सगळ्यांना खायला उठतो त्याला बाहेर काढते, तिला मदत करणाऱ्या हाकू नावाच्या मुलासाठी, तो जखमी झाल्यावर, ट्रेनने युबाबाच्या जुळ्या बहिणीकडे जाते, परत येते, डुकरांमधून आईबाबा ओळखायच्या युबाबाच्या परीक्षेत पास होऊन त्यांना सोडवते. संपलं. असं सांगितलं की अगदीच साधी वाटते ना? तीच तर गंमत आहे.

याचा हीरो-व्हिलन वाला प्लॉट नेमका कुठे सुरू होतो? मला सापडतच नाही

सापडणार नाही कारण तो नाहीच. माझं मत विचाराल तर ही नोकरीची गोष्ट आहे. लढाईची नाही, पळून जायची पण नाही. हाकू चिहिरोला पहिल्याच रात्री जे शिकवतो ते मंत्रतंत्र नाही, तो म्हणतो बॉयलरवाल्या कामाजीकडे जा आणि काम माग, तो नाही म्हणाला तरी मागत राहा, युबाबा घाबरवेल, गोड बोलेल, तरी एकच वाक्य धरून ठेव, मला इथे काम करू द्या. आणि चिहिरो खरंच तेवढंच करते. युबाबा तिचं तोंड बंद करते, ओरडते, धमकावते, शेजारच्या खोलीत तिचं अवाढव्य बाळ रडायला लागतं, सगळं सामान इकडंतिकडं उडतंय आणि ही पोरगी किंचाळून तेच म्हणतेय. शेवटी युबाबाला कागद पुढे करावाच लागतो कारण मागेल त्याला काम द्यायचं अशी तिने शपथ घेतलेली असते. म्हणजे राक्षसाला हरवायचं नाही, राक्षसाकडे कामाला लागायचं. ज्याने कधी पहिल्या नोकरीचा इंटरव्ह्यू दिलाय त्याला हा सीन बघताना पोटात गोळा येतो.

तीन अंकांचं स्ट्रक्चर बसतं का यात?

बसवलं तर बसतं. बोगद्यापासून कराराच्या सहीपर्यंत पहिला अंक, जवळपास एक तृतीयांश पिक्चर त्यातच जातो आणि तरी कंटाळा येत नाही. मग स्नानगृहातलं काम हा मधला मोठा भाग, आणि ट्रेनपासून पुढे तिसरा. आपल्याकडे थिएटरला लागला असता तर इंटरव्हलची पाटी मी नदीच्या देवाच्या सीननंतर टाकली असती, सगळे नाचतायत, चिहिरोला पहिल्यांदा शाबासकी मिळालीय, हातात औषधाचा गोळा आहे, समोसे आणायला जायची परफेक्ट वेळ.

पण जपानी लोक गोष्टीचे चार तुकडे करतात त्या पद्धतीने बघितलं तर जास्त नीट कळतं. की, शो, तेन, केत्सू. सुरुवात, वाढ, वळण, शेवट. मूळची चिनी चार ओळींच्या कवितेची रीत आहे ही. यात भांडण असलंच पाहिजे अशी अट नाही, तिसऱ्या तुकड्यात काहीतरी भलतंच येतं आणि आधीच्या गोष्टीकडे बघायची नजर बदलते एवढं पुरतं. इथे ते भलतंच म्हणजे काओनाशी. आपण आईबाबांच्या डुकरांच्या काळजीत बसलोय आणि पिक्चर अचानक एका अनोळखी भुताच्या मागे जातो. वळण आहे ते, भरकटणं नाही.

मग लेखकाने सगळं आधी ठरवून लिहिलं असेल ना?

उलट. हायाओ मियाझाकी स्क्रिप्ट पूर्ण करून कामाला बसत नाहीत, स्टोरीबोर्ड काढत जातात आणि ॲनिमेशन त्यांच्या मागोमाग चालू असतं, शेवट काय होणार हे स्टुडिओतल्या लोकांनाही मध्यापर्यंत कळलेलं नसतं. या पिक्चरचा आधीचा बेत असा होता की चिहिरो युबाबाला हरवते, मग कळतं की तिच्यामागे तिच्याहून भारी बहीण झेनिबा आहे, मग हाकूच्या मदतीने तिलाही हरवते. प्रोड्यूसर तोशिओ सुझुकी वगैरे मंडळींपुढे हा प्लॉट मांडला तेव्हा लक्षात आलं की याला तीन तास लागतील. तर मग पुलावर नुसता उभा असलेला एक मुखवटेवाला होता, गर्दीतला, त्याला उचलून मध्ये आणला. तोच काओनाशी. विचार करा, तो जुना बेत पडद्यावर आला असता तर आज आपण याच्याबद्दल बोलत बसलो असतो का? दोन चेटकिणी लागोपाठ हरवणारी पोरगी, असे पिक्चर पुष्कळ आहेत.

सेन आणि चिहिरो, नावाचा काय घोळ आहे?

हा प्रश्न सबटायटलवाल्यांना पडतो आणि बरोबर पडतो. तिचं पूर्ण नाव ओगिनो चिहिरो, जपानीत चार अक्षरं. युबाबा करारावरची अक्षरं हाताने उचलून मुठीत घेते आणि एकच शिल्लक ठेवते, त्याचा अर्थ हजार. तेच अक्षर चिहिरो या नावात आलं की "ची" वाचतात, एकटं असलं की "सेन". म्हणजे समजा एखाद्या सहस्रबुद्धेला साहेब म्हणाला फार लांब नाव आहे रे तुझं, उद्यापासून तू नुसता सहस्र. बुद्धे साहेबांकडे जमा.

आणि हे नुसतं गमतीला नाही, सगळा प्लॉट यावर टांगलाय. नाव विसरलात की घरी जायची वाट विसरलात. चिहिरोला दुसऱ्याच दिवशी आपलं नाव आठवत नसतं, हाकू तिचे जुने कपडे देतो त्यात गुच्छाबरोबरचं निरोपाचं कार्ड सापडतं, त्यावर चिहिरो लिहिलेलं. पहिल्या मिनिटाला जो गुच्छ ती कुरकुरत धरून बसली होती त्यातलं कार्ड. तेव्हाच हाकू भाताचे गोळे देतो आणि ती खाता खाता रडते, मोठे मोठे थेंब, मला अजून तो सीन कोरड्या डोळ्यांनी बघता आलेला नाही. जपानी टायटल पण यावरूनच आहे, सेन आणि चिहिरोचं कामिकाकुशी, कामिकाकुशी म्हणजे देवांनी माणूस लपवून ठेवणं, पोर हरवलं की जुने लोक म्हणायचे तसं.

चिहिरो तर रडकी आहे, तिला नायिका कसं म्हणायचं?

नायिकेच्या साच्यात ती सुरुवातीला बसत नाहीच. निवडलेली वगैरे नाही, जन्मखूण नाही, भविष्यवाणी नाही, घाबरट, हट्टी, काडीसारखे पाय. मियाझाकींनी मित्रांच्या दहा वर्षांच्या मुली डोळ्यासमोर ठेवून तिला बनवलंय, त्यांना अशा साध्या पोरीची गोष्ट हवी होती. आणि त्यांचं म्हणणं असं की ती बदलत नाही, तिच्यात होतं ते बाहेर येतं.

कसं बाहेर येतं हे बघायचं असेल तर तिचे पाय बघा. पहिल्यांदा बॉयलरकडे जाताना बाहेरचा लाकडी जिना उतरायचा असतो, कठडा नाही, ती बसून बसून एकेक पायरी उतरते, एक पायरी तुटते आणि ती बोंबलत धडधडत खाली जाऊन भिंतीवर आपटते. पुढे जखमी हाकूकडे पोचायचं असतं तेव्हा तीच पोरगी बाह्या बांधून भिंतीवरच्या एका गंजक्या पायपावरून पळत जाते, पाईप मागून तुटतोय, ती थांबत नाही. कुणी भाषण दिलं नाही, ट्रेनिंगचं गाणं नाही. मधे फक्त फरशी पुसलीय तिने.

कामाजी आणि लिन हे मार्गदर्शक पात्रं का?

अर्धे. आधी दोघंही दारावरचे राखणदार आहेत, नाही म्हणणारे. कामाजी सहा हातांचा म्हातारा, म्हणतो माझ्याकडे माणसं भरपूर आहेत, जा. मग चिहिरो कोळशाखाली चेंगरलेल्या एका काजळीच्या पोराचा (काजळीचे छोटे गोळे, त्याच्याकडे कोळसा वाहतात) कोळसा उचलते आणि कुठे ठेवू विचारते, तर म्हातारा काय म्हणतो, हात घातलास ना, मग शेवटपर्यंत कर. ती तो धोंडा भट्टीपर्यंत नेते, आणि म्हातारा बदलतो. लिन, स्नानगृहातली कामगार पोरगी, पण तशीच, तोंडाने फटकळ, हो म्हण, आभार मान, कामाजीला थँक्यू म्हणालीस का असं सगळं झापत शिकवणारी. प्रत्येक ऑफिसात एक असते अशी ताई, पहिल्या दिवशी तिची भीती वाटते आणि नोकरी सोडताना तिच्याच गळ्यात पडून रडतो आपण.

युबाबा आणि झेनिबा, एक वाईट एक चांगली, बरोबर?

एवढं सोपं असतं तर दोघींना एकच चेहरा दिला नसता. आवाज पण एकच आहे, मारी नात्सुकी यांचा. युबाबा कामगारांना राबवते, नावं चोरते, पण शब्दाची पक्की आहे, आणि नदीच्या देवाच्या वेळी सगळ्यांच्या आधी काय चाललंय ते ओळखते आणि स्वतः पंखा घेऊन पुढे उभी राहते. झेनिबा गोड आजी, चहा-केक देणारी, पण पहिल्या एंट्रीला तिच्या कागदी पक्ष्यांनी हाकूला फाडून काढलेलं असतं हे विसरू नका. माझ्या मते ही एकच बाई आहे, कामावरची आणि घरातली.

एक गोष्ट नीट ऐका पुढच्या वेळी. झेनिबाला चिहिरो आजी म्हणते ते ठीक आहे, घरात बसून लोकर विणणारी बाई. पण परत आल्यावर ती युबाबालाही आजीच म्हणते. सगळे वाकून मालकीणबाई मालकीणबाई करतायत आणि ही सरळ आजी. व्हिलन तिथे संपतो, कुणी मारत नाही त्याला.

काओनाशी नक्की काय आहे? चांगला का वाईट?

माझ्या भाचीने पण हेच विचारलं होतं, ट्रेनमध्ये तो शहाण्यासारखा बसलेला बघून, की आता हा चांगला झाला का? मी म्हणालो तो आधी पण वाईट नव्हता, त्याला काहीच नव्हतं. त्याला स्वतःचा आवाज नाही, नुसतं आ आ करतो, बेडूक गिळल्यावर बेडकाच्या आवाजात बोलतो. जिथे जातो तिथल्यासारखा होतो. स्नानगृहात सगळे सोन्यामागे लागलेत म्हणून तो सोनं ओततो आणि हावरटासारखा खातो, झेनिबाच्या घरी शांतता आहे म्हणून बसून सूत काततो. पात्रांच्या ठरावीक साच्यांच्या (आर्केटाइपच्या) पुस्तकात याला बहुरूपी म्हणतील, मी आरसा म्हणेन.

आणि त्याला आत कोण घेतं? आपली चिहिरोच. पावसात बाहेर उभा बघून म्हणते भिजताय ना, दार उघडं ठेवते हां. सगळा गोंधळ तिच्या चांगुलपणातून होतो आणि निस्तरायचा पण तिलाच. तो मूठभर सोनं पुढे करतो, ती म्हणते नको, मला पाहिजे ते तू देऊ शकत नाहीस. ते सोनं नंतर माती होतं हे वेगळं, पण तिने नाही म्हटलं तेव्हा ते सोनंच होतं.

नदीच्या देवाचा सीन मध्येच का आहे, काढला तर काय बिघडेल?

काढूच शकत नाही, सगळ्या धाग्यांची गाठ तिथे आहे. घाण वास मारणारा चिखलाचा ढीग येतो, कामाला ठेवतात नवीन पोरीला (हे पण किती ऑफिससारखं), तिला त्याच्या अंगात काटा रुतल्यासारखं काहीतरी लागतं, दोरी बांधून सगळे ओढतात तर बाहेर येते सायकल, आणि सायकलीमागून टनावारी कचरा. आत होता एक मोठा नदीचा देव. मियाझाकी स्वतः घराजवळची नदी साफ करायला जायचे, तिथे खरंच अशी सायकल ओढून काढली होती, ते त्यांनी सांगितलंय. आपल्याकडे विसर्जनानंतर नदीकाठ साफ करायला जाणाऱ्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

आता प्लॉटचं बघा. देव जाताना एक कडू गोळा देतो. चिहिरो ठरवते की हा आईबाबांना द्यायचा. प्रेक्षक म्हणून आपण पण निवांत, चला, औषध मिळालं, शेवटी वापरतील. तर हाकू मरायला टेकतो, अर्धा त्याला देते. काओनाशी फुगून डोंगर झालाय, उरलेला त्याला देते, वर सांगते की हा आईबाबांसाठी ठेवला होता पण तू खा. आणि शेवटच्या परीक्षेला जाते ती रिकाम्या हाताने. फँटसी पिक्चरमध्ये जादूची वस्तू मिळते ती शेवटच्या मारामारीत उपयोगी पडते हा नियम लहान पोरांनाही पाठ असतो, इथे ती आधीच वाटून मोकळी होते. आणि मला वाटतं की शेवटी तिला जे कळतं ते गोळा शिल्लक असता तर कळलं नसतं, गोळ्याच्या भरवशावर राहिली असती.

हाकू प्रियकर आहे, दोस्त आहे का गुप्तहेर?

युबाबाचा हस्तक आहे, चोर आहे, ड्रॅगन आहे, मदतनीस आहे, आणि मुळात बुजवलेली नदी आहे. कोहाकू नदी, तिच्यावर आता अपार्टमेंट झालेत. लहानपणी चिहिरो पाण्यात पडलेला बूट उचलायला गेली आणि त्या नदीत पडली, नदीने तिला काठाला लावलं. हे तिला ड्रॅगनच्या पाठीवर आठवतं, ती नाव सांगते आणि त्याच्या अंगावरचे खवले उडून जातात. म्हणजे पहिल्या भागात हा तिचं नाव जपतो, शेवटच्या भागात ती याचं नाव परत देते. परतफेड पूर्ण. प्रेमकथा म्हणायची तर म्हणा, मला त्यात पडायचं नाही. आणि पुन्हा भेटतील का विचारू नका, त्याची नदीच उरली नाहीये, जायचं कुठे त्याने हे पिक्चर सांगत नाही.

ट्रेनच्या सीनमध्ये काहीच होत नाही, मी पुढे ढकलला, चालेल ना?

अरे देवा. तो सीन सगळ्या पिक्चरचा श्वास आहे. पाण्यावरून जाणारी गाडी, सावलीसारखे प्रवासी, सहावं स्टेशन, कामाजीने चाळीस वर्षं जपून ठेवलेली तिकिटं, आणि तो सांगतो की पूर्वी परतीची गाडी असायची, आता फक्त जायची. चिहिरो हे ऐकून पण बसते, म्हणते येताना रुळावरून चालत येईन. याहून मोठा शौर्याचा डायलॉग या पिक्चरमध्ये नाही आणि ती तो जाता जाता बोलते.

काहीच न होण्याबद्दल: समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मियाझाकींना हेच विचारलं होतं, की तुमची पात्रं मधेच नुसती बसतात, उसासा टाकतात, ते का. तर त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि म्हणाले दोन टाळ्यांच्या मधली जी जागा आहे ती "मा". गाण्याच्या क्लासला गेलेल्यांना जास्त सांगायला नको, सम येण्याआधीची रिकामी जागा गुरुजी भरू देत नाहीत ना, तसंच.

खाल्लं की डुक्कर, मग चिहिरो तिथलं खाते तिचं काही होत नाही कसं?

चांगला पकडलात. जपानी पुराणात इझानामी ही देवी पाताळातलं अन्न खाते आणि तिला परत येता येत नाही, ७१२ सालच्या कोजिकी ग्रंथात आहे ही गोष्ट. मियाझाकींनी ते उलटं केलंय, चिहिरो विरघळायला लागते तेव्हा हाकू तिला तिथलाच एक दाणा खायला लावतो, नाहीतर नाहीशी होईल. फरक अन्नात नाही, आईबाबांनी न विचारता ताव मारला, हिला दिलं ते हिने खाल्लं.

शेवटी डुकरांमध्ये आईबाबा नाहीत हे तिला कसं कळलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. जादूने कळलं, झेनिबाने दिलेल्या हेअरबँडमुळे कळलं, देवाच्या गोळ्याचा चावा घेतला होता म्हणून कळलं अशा शंभर थिअऱ्या आहेत. पिक्चर कारण देत नाही. पण त्याच्या थोडं आधी काय दाखवलंय ते आठवा, युबाबाचं लाडकं बाळ झेनिबाने उंदीर केलंय, आणि ते उंदराचं पिल्लू समोर आल्यावर आई म्हणते शी, काय घाण उंदीर. हाकूला सांगावं लागतं की तुमची प्रिय वस्तू बदलली गेलीय ते अजून कळलं नाही का तुम्हाला, आणि तेव्हाही ती पहिल्यांदा सोनंच तपासते. तर एक आई पोटच्या पोराला ओळखत नाही, आणि एक पोरगी बारा डुकरं बघून म्हणते आजी, यात आमचे आईबाबा नाहीत. दोन सीन समोरासमोर ठेवलेत, कारण हवं असेल तर तिथे आहे.

सबटायटल का इंग्लिश डब?

जपानी आवाज, सबटायटल. डब वाईट नाही पण शेवटी त्यात एक वाक्य चिकटवलंय, बाबा म्हणतात नवीन घर नवीन शाळा, जरा भीतीच वाटते ना, आणि चिहिरो म्हणते जमेल मला. मूळ पिक्चरमध्ये हे नाही. मुळात आईबाबांना काही आठवतच नाही, गाडीवर पाला पडलाय, आत धूळ साचलीय, बाबा म्हणतात हे काय झालं, आई म्हणते चला उशीर होतोय. चिहिरो मागे वळून बोगद्याकडे बघत उभी असते आणि झेनिबाकडे विणलेला हेअरबँड केसात चमकतो. बस. एवढ्यावर सोडलेलं असताना वर जमेल मला कशाला?

लहान मुलांना दाखवू का?

सात-आठच्या पुढे हो. डुकरांचा सीन आणि काओनाशी माणसं गिळतो तो भाग, दोन्ही वेळा शेजारी बसा.

ऑस्कर वगैरे मिळालंय म्हणतात ते खरं का?

खरं. २००२ मध्ये बर्लिन फिल्म फेस्टिव्हलचं गोल्डन बेअर (विभागून), २००३ मध्ये ॲनिमेशनचं ऑस्कर. जपानमध्ये २० जुलै २००१ ला लागला आणि तिथला सगळ्यात जास्त कमाईचा पिक्चर म्हणून २०२० पर्यंत टिकला.

दुसरा भाग कधी येणार?

नाही आला. नाटक मात्र आलं, २०२२ मध्ये टोकियोत, त्यात काओनाशीचं काम करणारा माणूस वाढत जातो म्हणजे एकामागून एक माणसं त्या काळ्या कापडात शिरत जातात.